प्राण्यांच्या पेशीत डीएनएची प्रत काढायला सुरुवात कशी होते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून बी.एस्सी.-एम.एस्सी.चे विद्यार्थी आणि नुकतेच पेशीसंवर्धनाला लागलेले संशोधक पाठवतात. कुठलेही उत्तर एकटे वाचले तरी कळावे. तपशील दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे माणसाच्या पेशींचे आहेत. बेडूक, माशी किंवा यीस्टचे असतील तर तसे सांगितले आहे.

१. डीएनएची प्रत काढायला नेमकी सुरुवात कधी होते?

पेशीचे चक्र जी-१, एस, जी-२ आणि विभाजन अशा टप्प्यांत चालते. प्रत निघते एस टप्प्यात. २४ तासांच्या चक्रात तो साधारण ८ तासांचा असतो. तयारी मात्र बरीच आधी, म्हणजे मागच्या विभाजनाच्या अखेरीस सुरू होते आणि जी-१ भर चालते. ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम परवाना देण्याचे : कुठून सुरुवात करता येईल त्या जागांवर यंत्र बसवून ठेवायचे, पण बंद अवस्थेत. दुसरे काम ते यंत्र चालू करण्याचे. सुरुवातीच्या अशा जागेला ओरिजिन म्हणतात, म्हणून प्रयोगशाळेत सगळे याला ‘ओरिजिन फायर होणे’ किंवा ‘सुटणे’ म्हणतात. पहिले काम चालू असताना दुसरे होत नाही आणि दुसरे सुरू झाले की पहिले बंद. एवढे डोक्यात पक्के बसले तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२. ई. कोलाय या जिवाणूला एकच ओरिजिन पुरतो, मग आपल्याला हजारो कशाला?

हिशेब करून पाहा. माणसाच्या १ क्रमांकाच्या गुणसूत्रात सुमारे २४.८ कोटी बेस-जोड्या आहेत. आपला फोर्क (डीएनएचे दोन धागे उलगडून प्रत निघत जाते तो पुढे सरकणारा दुफाटा) मिनिटाला फार तर दोनेक हजार बेस पुढे सरकतो. जिवाणूचा सेकंदाला हजारापर्यंत जातो. ओरिजिन मधोमध एकच ठेवला आणि दोन्ही बाजूंना फोर्क पळवले, तर मिनिटाला ४ हजार. म्हणजे ६२ हजार मिनिटे, सुमारे ४३ दिवस. पेशीच्या हातात ८ तास आहेत.

म्हणून एका एस टप्प्यात साधारण ३० ते ५० हजार ओरिजिन वापरले जातात, सरासरी एक-दीड लाख बेस-जोड्यांवर एक. ते सगळे एकदम चालू नसतात. दोन शेजाऱ्यांचे फोर्क एकमेकांना भेटायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर पुढची तुकडी सुरू झालेली असते.

३. ‘परवाना’ म्हणजे नक्की काय? कागद तर नसतो ना?

कागद नाही, कडे असते. एमसीएम नावाची सहा प्रथिने (२ ते ७) मिळून एक कडे बनवतात. डीएनए उलगडणाऱ्या हेलिकेजचा हा गाभा. अशी दोन कडी तोंडाला तोंड लावून दुहेरी डीएनएभोवती अडकवली की त्या जागेला परवाना मिळाला.

अडकवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. आधी ओआरसी हे सहा प्रथिनांचे संकुल डीएनएवर बसते आणि त्याला बाक देते. त्याच्या उघड्या बाजूला सीडीसी-६ येऊन वर्तुळ पुरे करते. मग सीडीटी-१ एमसीएमचे कडे घेऊन येते. या कड्याला एमसीएम-२ आणि एमसीएम-५ यांच्यामध्ये एक फट असते, बांगडीच्या पेचासारखी. त्या फटीतून डीएनए आत सरकतो आणि कडे मिटते. दुसरे कडे उलट तोंडाने पहिल्याला येऊन भिडते. एटीपी (पेशीचे इंधन) खर्ची पडतो, सीडीसी-६ आणि सीडीटी-१ सुटून जातात.

आता ही जोडी डीएनएवर घट्ट असते, जास्त मिठाच्या द्रावणाने धुतली तरी निघत नाही. पण ती काहीच उलगडत नाही, नुसती बसून असते. २००९ मध्ये यीस्टची शुद्ध प्रथिने परीक्षानळीत घेऊन ही सगळी पायरी जशीच्या तशी करून दाखवली गेली.

४. मग ते कडे चालू कोण करतं?

दोन कायनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी प्रथिने) लागतात आणि दोन्ही लागतात. पहिले डीडीके, म्हणजे सीडीसी-७ आणि त्याचा जोडीदार डीबीएफ-४. ते थेट एमसीएमच्या शेपटांवर फॉस्फेट लावते. दुसरे सीडीके, म्हणजे सायक्लिन-ई किंवा सायक्लिन-ए सोबतचे सीडीके-२ (सायक्लिन म्हणजे सीडीकेला चालू करणारे जोडीदार प्रथिन). त्याचे मुख्य गिऱ्हाईक ट्रेसलिन. फॉस्फेट लागल्यावर ट्रेसलिन टॉपबीपी-१ ला धरते. एमटीबीपी, रेकक्यूएल-४ आणि डॉन्सन यांच्या मदतीने सीडीसी-४५ आणि जिन्स हे दोन भाग एमसीएमवर चढवले जातात. एमसीएम, सीडीसी-४५ आणि जिन्स मिळून झालेल्या चालत्या हेलिकेजला सीएमजी म्हणतात.

एमसीएम-१० आल्यावर दोन्ही कडी विलग होतात आणि प्रत्येक कडे डीएनएचा एक धागा बाहेर टाकून दुसऱ्यावरच राहते. मग ती एकमेकांना ओलांडून विरुद्ध दिशांना निघतात. प्रायमर (नव्या धाग्याचा सुरुवातीचा छोटा तुकडा) टाकायचे काम डीएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज अल्फाचे, सलग धागा एप्सिलॉनचा, तुकड्या-तुकड्यांचा डेल्टाचा.

नावांत एक खड्डा आहे : सीडीसी-७ आणि सीडीके-७ वेगळी प्रथिने आहेत. अँटिबॉडी मागवताना ही चूक नेहमी होते.

५. एकाच चक्रात कुठलाही भाग दोनदा कॉपी का होत नाही?

कारण कडे चालू झाले की ते ओरिजिन सोडून निघून जाते आणि एस टप्प्यात नवे कडे अडकवायला बंदी असते. ज्या जागेची प्रत निघाली तिचा परवाना त्याच क्षणी संपला. शेजारच्या फोर्कने एखाद्या न सुटलेल्या ओरिजिनवरून जाताना तिथले कडे उडवले तरी तेच.

बंदी घालतो सीडीके. जी-१ च्या सुरुवातीला सीडीके कमी असतो : परवाना देता येतो, चालू करता येत नाही. एसपासून विभाजनाच्या मध्यापर्यंत सीडीके चढा असतो : चालू करता येते, परवाना देता येत नाही. विभाजनात एपीसी हे संकुल सायक्लिन नष्ट करते, सीडीके कोसळतो आणि परवान्याची खिडकी पुन्हा उघडते. यीस्टमध्ये हेच मुख्य कुलूप. प्राण्यांनी यावर आणखी कुलपे लावली आहेत (प्रश्न ७).

६. हे पहिल्यांदा कळलं कसं?

१९७० मध्ये पोटु राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगी पेशी) एकमेकींत विलीन केल्या. एसमधली पेशी जी-१ मधल्या पेशीशी जोडली, तर जी-१ चे केंद्रक वेळेआधीच प्रत काढू लागले. तीच एस-पेशी जी-२ शी जोडली, तर जी-२ चे केंद्रक ढिम्म हलले नाही. म्हणजे ‘चालू हो’ हा इशारा पेशीद्रवात होता, पण एकदा प्रत निघालेल्या केंद्रकाला तो लागू पडत नव्हता.

१९८८ मध्ये ब्लो आणि लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात दाखवले की अशा केंद्रकाचे आवरण सच्छिद्र केले तर ते पुन्हा प्रत काढते. ‘परवाना देणारा घटक’ ही कल्पना तिथून आली. तो घटक विभाजनात आवरण फुटल्यावरच आत शिरतो, असा त्यांचा अंदाज होता. तो भाग पुढे बदलावा लागला : शरीराच्या साध्या पेशींत एमसीएम पूर्ण वेळ केंद्रकातच असते, अडवते ते सीडीके आणि जेमिनिन हे प्रथिन (प्रश्न ७). जुन्या नोट्समध्ये अजून ‘आवरण हाच अडसर’ असे लिहिलेले सापडते.

७. जेमिनिन काय करतं? आणि सीडीटी-१, सीडीटी-२ हे एकाच घरातले का?

जेमिनिन सीडीटी-१ ला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे एमसीएमचे कडे डीएनएवर चढवता येत नाही. जेमिनिन १९९८ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात सापडले. यीस्टमध्ये ते नाहीच. ते एसमध्ये वाढते, जी-२ भर टिकते आणि विभाजनात गुणसूत्रे ओढली जाण्याच्या सुमारास एपीसी त्याला संपवते.

सीडीटी-१ वर याशिवाय दोन मारेकरी आहेत. एक, सीडीके त्यावर फॉस्फेट लावतो आणि एससीएफ-एसकेपी-२ हे संकुल त्याला कचऱ्यात पाठवते. दुसरा जास्त हुशार आहे. सीडीटी-१ पीसीएनए या, पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या कड्याला चिकटते. फोर्क चालू झाल्यावर पीसीएनए डीएनएवर चढलेले असते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी सीआरएल-४ हे संकुल सीडीटी-१ ला पकडते. जिथे प्रत निघायला लागली तिथेच परवाना देणारा मारला जातो. या संकुलाचा सावज ओळखणारा भाग म्हणजे सीडीटी-२. नावे सख्ख्या भावांसारखी, पण दुसरा पहिल्याचा काळ आहे.

जी-२ मध्ये सीडीटी-१ पुन्हा साठू लागते. तेव्हा जेमिनिन त्याला अडवतेही आणि नष्ट होण्यापासून जपतेही. विभाजन संपताना जेमिनिन गेले की आयता साठा मोकळा होतो आणि परवान्याचे काम लगेच सुरू होते.

८. सीडीसी-६ बद्दल दोन पुस्तकांत उलट लिहिलंय. खरं कोणतं?

दोन्ही, कारण प्राणी वेगळे. यीस्टमध्ये सीडीके सीडीसी-६ वर फॉस्फेट लावतो आणि ते नष्ट होते. सस्तन प्राण्यांत जी-१ च्या सुरुवातीला एपीसी ते नष्ट करते आणि सायक्लिन-ई सोबतच्या सीडीके-२ ने फॉस्फेट लावले की उलट ते वाचते. त्यामुळे जी-१ च्या अखेरीस एक छोटी संधी मिळते. सीडीके-२ इतके चढले आहे की सीडीसी-६ टिकते. पण एपीसी अजून जागे आहे, म्हणून जेमिनिन आणि सायक्लिन-ए साठलेले नाहीत. विशेषतः जी-० (चक्राबाहेरची विश्रांती) मधून परत आलेल्या पेशींना ही संधी लागते.

‘एसमध्ये सीडीसी-६ केंद्रकाबाहेर फेकले जाते’ हे वाक्यही सगळीकडे आहे. ते बऱ्याच अंशी जास्त प्रमाणात बनवायला लावलेल्या प्रथिनावरून आले आहे. पेशीचे स्वतःचे, क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्यावरची प्रथिने) चिकटलेले सीडीसी-६ एसमध्येही आत दिसते.

९. ‘आता चक्रात शिर’ हे पेशीला कोण सांगतं?

बाहेरची वाढ-संप्रेरके, आणि त्यांचा निरोप संपतो आरबी या प्रथिनावर. आरबी ई२एफ ला दाबून ठेवते. सायक्लिन-डी सोबतचे सीडीके-४ आणि सीडीके-६ आरबीवर फॉस्फेट लावायला लागतात, ई२एफ सुटते आणि सायक्लिन-ई, सीडीसी-६, सीडीटी-१, एमसीएम अशा सगळ्यांची जनुके चालू करते. सायक्लिन-ई पुन्हा आरबीलाच आणखी फॉस्फेट लावते, म्हणजे गाडी आपल्याच जोरावर घाट चढते. यापुढे सीरम (संवर्धनात वाढ-संप्रेरके पुरवणारा रक्ताचा द्रव) काढून घेतले तरी पेशी एसमध्ये जातेच. त्या बिंदूला रेस्ट्रिक्शन पॉइंट म्हणतात. आर्थर पार्डी यांनी तो १९७४ मध्ये मांडला.

स्तनाच्या कर्करोगावर अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेले पाल्बोसिक्लिब नेमके सीडीके-४/६ अडवते. पेशीत आरबीच नसेल किंवा ते निकामी असेल तर औषध लागू पडत नाही. हेला पेशींत एचपीव्ही-१८ या विषाणूचे ई७ प्रथिन आरबीचा निकाल लावून बसलेले असते, म्हणून हेलावर पाल्बोसिक्लिब टाकून ‘जी-१ मध्ये थांबत का नाहीत’ असे विचारू नका.

१०. ओरिजिनचा डीएनए-क्रम काय असतो? प्रोग्रॅम लिहून शोधता येईल का?

पावाच्या यीस्टमध्ये येईल, तिथे ११ बेसची ठरलेली खूण आहे. प्राण्यांत नाही. आपले ओआरसी क्रम वाचण्यापेक्षा जागा मोकळी आहे का ते पाहते : न्यूक्लिओसोम (हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनएचे वेटोळे) कमी असलेला भाग, चालू जनुकांची सुरुवात, आणि हिस्टोन एच-४ च्या २० व्या लायसिनवर दोन मिथाइल गट. ही शेवटची खूण ओआरसी-१ चा एक भाग थेट ओळखतो.

काही ठिकाणी ओरिजिन बऱ्यापैकी नेमका असतो. लॅमिन बी-२ जनुकाचे उदाहरण नेहमी देतात. इतरत्र तो पसरट पट्टा असतो. चिनी हॅमस्टरच्या डीएचएफआर जनुकाशेजारी ५५ हजार बेस-जोड्यांच्या पट्ट्यात कुठूनही सुरुवात होऊ शकते. शिवाय एका पेशीने या चक्रात वापरलेला ओरिजिन शेजारची पेशी वापरेलच असे नाही. लाखो पेशींची सरासरी काढून छापलेला ‘ओरिजिनचा नकाशा’ वाचताना हे विसरू नये.

११. सगळे ओरिजिन एकदमच का चालू होत नाहीत?

चालू करणारे घटक तोकडे आहेत. ट्रेसलिन, रेकक्यूएल-४, डीबीएफ-४ वगैरे परवानाधारक जागांच्या मानाने थोडे, म्हणून ते पाळ्यांनी फिरतात. उघड्या, जनुकांनी भरलेल्या भागांना पहिली पाळी. केंद्रकाच्या कडेला दडपून बसलेल्या भागांना शेवटची. स्त्रीच्या पेशीतले निष्क्रिय एक्स गुणसूत्रही उशिराच्या रांगेत असते.

उशीर करवणारा एक मुख्य हात म्हणजे रिफ-१. ते पीपी-१ या फॉस्फेटेजला उशिराच्या भागात आणून बसवते आणि डीडीकेने लावलेले फॉस्फेट ते पुसत राहते. रिफ-१ काढले की लवकर-उशिराची सगळी घडी विस्कटते.

१२. एमसीएम गरजेच्या कितीतरी पट का असतं? ही उधळपट्टी नाही का?

विमा आहे. पेशी ज्या जागांना परवाना देते त्यांतल्या थोड्याच वापरते, बाकी झोपलेल्या राहतात. एखादा फोर्क अडकला की शेजारचा झोपलेला ओरिजिन जागा होतो आणि मधला तुकडा दुसऱ्या बाजूने पुरा करतो. हे महत्त्वाचे आहे कारण एस सुरू झाल्यावर नवा परवाना मिळत नाही (प्रश्न ५), म्हणजे जे काय हाताशी ठेवायचे ते जी-१ मध्येच ठेवावे लागते.

प्रयोगात एमसीएम बरेच कमी केले तरी पेशी आरामात वाढतात. मग थोडे हायड्रॉक्सियुरिया (फोर्क रखडवणारे औषध) घातले की मरतात, जेव्हा साध्या पेशी तेवढे सहज सोसतात. ‘एमसीएम कमी केले, काहीच झाले नाही’ असा निष्कर्ष ताण न देता काढू नका. एमसीएम-४ मध्ये दोष असलेल्या उंदरांच्या एका वाणात मादींना स्तनाच्या गाठी होतात.

१३. फोर्क अडकले तर नवे ओरिजिन थांबतात म्हणतात आणि जागे होतात असंही म्हणतात. हे कसं?

जागेचा फरक आहे. एटीआर आणि सीएचके-१ ही धोक्याचा इशारा देणाऱ्या कायनेजची साखळी अजून सुरू न झालेल्या दूरच्या भागांना रोखते, म्हणजे संकट पसरत नाही. जिथे काम आधीच चालू आहे तिथले झोपलेले ओरिजिन मात्र जागे होऊ दिले जातात. सीएचके-१ चा अवरोधक घातला की सगळीकडेच ओरिजिन भसाभस सुटतात, न्यूक्लिओटाइड (डीएनएच्या विटा) अपुरे पडतात आणि फोर्क मंदावतात.

१४. परवाना अपुरा असताना पेशी एसमध्ये गेली तर?

निरोगी पेशी सहसा जात नाही. परवाने पुरेसे नसतील तर सीडीके-२ चढत नाही आणि जी-१ लांबतो. यात पी-५३ हे राखणदार प्रथिन आणि आरबी यांचा हात असतो, म्हणून अनेक कर्करोगी पेशींत ही राखण गेलेली असते आणि त्या अर्धवट तयारीने आत घुसतात. जी-० मधून नुकत्याच उठलेल्या पेशींचा पहिला जी-१ लांब असला तरी परवान्याचे काम सावकाश चालते, त्यामुळे त्यांचा पहिला एस जरा कच्चाच असतो. सीरम परत दिल्यानंतरच्या पहिल्या चक्रावर मोजमापे घेत असाल तर ते ‘सामान्य’ चक्र धरू नका.

फटका बसतो तो ओरिजिन विरळ असलेल्या मोठ्या जनुकांना. एफआरए-३बी आणि एफआरए-१६डी ही ठिसूळ ठिकाणे अशीच. तिथली प्रत विभाजनापर्यंत अपुरी राहते, काही ठिकाणी विभाजनातच उरकली जाते, आणि उरलेली जखम लेकपेशींच्या जी-१ मध्ये ५३बीपी-१ या डीएनएच्या जखमेवर जमणाऱ्या प्रथिनाच्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते.

१५. आणि उलट, प्रत दोनदा निघालीच तर?

जेमिनिन काढले किंवा सीडीटी-१ फार वाढवले तर काही कर्करोगी पेशींत तसे घडते. फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीतला डीएनए मोजण्याचे तंत्र) ४एन च्या, म्हणजे एकदा प्रत निघाल्यावरच्या दुप्पट डीएनएच्या, पुढे लांबट शेपूट दिसते, ८एन चा नेटका डोंगर नव्हे. नेटका डोंगर दिसला तर पेशी विभाजन चुकवून पूर्ण नवे चक्र करतेय असा संशय घ्या (प्रश्न १८).

हानी अशी होते : मागून येणारे फोर्क पुढच्यांवर आदळतात, धागे तुटतात, पेशी जी-२ मध्ये अडते किंवा मरते. एमएलएन-४९२४, म्हणजे पेव्होनेडिस्टॅट, हे औषध सीआरएल संकुलांना (सीआरएल-४ त्यांतलेच) निकामी करते. सीडीटी-१ मरत नाही आणि पुन्हा-पुन्हा प्रत निघते. त्याच्या परिणामाचा मोठा भाग याच वाटेने होतो.

१६. सीडीके-२ इतकं महत्त्वाचं, मग ते नसलेले उंदीर जगतात कसे?

जगतात, फक्त वांझ असतात. सीडीके-१ त्याची जागा घेते. सायक्लिन-ई आणि सायक्लिन-ए त्याच्याशीही जुळतात. पेशीला सीडीकेची क्रिया हवी असते, ती कुणाच्या नावाची हे दुय्यम. सायक्लिन-ई ची दोन्ही जनुके काढली तर मात्र गर्भ पोटातच दगावतो, कारण वारेच्या मोठ्या पेशींना डीएनए अनेक पटींनी वाढवता येत नाही. अशा गर्भांतून काढलेल्या पेशी सतत वाढत ठेवल्या तर चालतात. एकदा जी-० मध्ये गेल्या की एमसीएम चढवता न आल्याने परत येत नाहीत.

१७. सुरुवातीच्या गर्भात जी-१ नसतोच. मग परवाना कधी मिळतो?

विभाजनाच्या शेवटच्या काही मिनिटांत. गुणसूत्रे अलग होत असतानाच एमसीएम चढते. फळमाशीच्या कोवळ्या गर्भात आख्खा एस ३-४ मिनिटांत उरकतो, कारण ओरिजिन सरासरी ८ हजार बेस-जोड्यांवर एक इतके दाट असतात आणि सगळे जवळजवळ एकदम सुटतात. बेडकाच्या गर्भात पहिली १२ विभाजने अशी झपाट्याने होतात.

मग वेग का मंदावतो? आईने अंड्यात भरून ठेवलेला साठा तेवढाच राहतो आणि केंद्रके दुप्पट होत जातात. बेडकात ट्रेसलिन, रेकक्यूएल-४, टॉपबीपी-१ आणि डीबीएफ-४ चा भाऊबंद डीआरएफ-१ ही चार प्रथिने कृत्रिमरीत्या वाढवली, तर गर्भ ठरलेल्या वेळेनंतरही भराभर विभागत राहतो.

१८. लाळग्रंथीतली राक्षसी गुणसूत्रं, मेगाकॅरिओसाइट (बिंबाणू बनवणारी पेशी), यकृत : इथे ‘एका चक्रात एकदाच’ हा नियम मोडला ना?

पहिल्या दोन्हींत नियम शाबूत आहे. माशीच्या लाळग्रंथीत विभाजन गाळून एस-गॅप-एस असे चक्र चालते आणि दहाएक फेऱ्यांत हजार-दोन हजार प्रती होतात. दोन एसच्या मध्ये सीडीके खाली उतरतो आणि परवाना रीतसर दिला जातो. सायक्लिन-ई सतत चढे ठेवले तर हे चक्र ठप्प होते, यावरूनच उतरणे किती गरजेचे ते कळते. मेगाकॅरिओसाइट विभाजनात शिरतो आणि अर्ध्यावर सोडतो. तिथेही एपीसी आपले काम करून जाते. यकृतातल्या ४एन पेशी बहुधा पेशीद्रव विभागला न गेल्याने होतात, त्यांचा या विषयाशी संबंध कमी.

खरा अपवाद माशीच्या अंडाशयातल्या फॉलिकल पेशींत आहे. अंड्याच्या कवचाची जनुके थोड्या तासांत खूप बनवायची असतात, म्हणून तेवढेच ओरिजिन पुन्हा-पुन्हा सुटतात. तिसऱ्या गुणसूत्रावरचा समूह ६० ते ८० पट होतो. मधे सर्वाधिक प्रती आणि दोन्ही बाजूंना कमी होत जाणाऱ्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या.

१९. पेशी एका टप्प्यावर आणायला डबल थायमिडीन वापरतो, तरी निकाल जुळत नाहीत. का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. रीत अशी : २ मिलिमोलर थायमिडीन १८ तास, ९ तास मोकळे, पुन्हा १७ तास. यात पेशी थांबतात त्या ‘एसच्या आधी’ नाही, एसच्या तोंडाशी. जास्तीच्या थायमिडीनने डीसीटीपी या न्यूक्लिओटाइडचा साठा आटतो, म्हणून फोर्क रखडतात. पण परवाने केव्हाच दिले गेलेले असतात आणि सुरुवातीचे ओरिजिन सुटलेले असतात. परवान्याचा अभ्यास करायचा असेल तर ही रीत चुकीची, आणि ओरिजिनमधले अंतर मोजायचे असेल तरीही, कारण रखडलेल्या फोर्कशेजारी झोपलेले ओरिजिन जागे होतात (प्रश्न १२).

त्याऐवजी नोकोडाझोल (पेशी विभाजनात अडवणारे औषध) देऊन गोल झालेल्या पेशी फ्लास्क आपटून सोडवा. त्या जी-१ मध्ये येताना परवाना कसा चढतो ते ताशी पाहता येते. आरबी शाबूत असलेल्या पेशी, उदाहरणार्थ आरपीई-१, पाल्बोसिक्लिबवर २४ तास ठेवून सोडणे हा दुसरा चांगला मार्ग. सीरम ०.१ टक्क्यावर आणून ४८-७२ तास उपाशी ठेवणे साध्या फायब्रोब्लास्टना चालते, हेलाला नाही.

२०. परवाना मिळाला की नाही हे मोजायचं कसं?

एकूण एमसीएम मोजून उपयोग नाही, ते चक्रभर जवळजवळ सारखे असते. डीएनएवर बसलेले मोजायचे. पेशी बर्फावर ०.५ टक्के ट्रायटन (साबणासारखे द्रव्य) असलेल्या सीएसके बफरमध्ये ५ मिनिटे ठेवा, सुटे एमसीएम वाहून जाईल, आणि मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने पक्के करा. क्रम उलटला तर सगळ्याच पेशी चमकतील. निष्फळ प्रयोगांचे हे एक नंबरचे कारण. मग एमसीएम-२ ची अँटिबॉडी, ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण) आणि डॅपी (डीएनएचा रंग) असे तिन्ही फ्लोवर एकत्र पाहा. जी-१ मध्ये एमसीएमचा उभा चढ आणि एसमध्ये उतरती कमान दिसली पाहिजे.

ईडीयू १० मायक्रोमोलर, अर्धा तास पुरते. थायमिडीन ब्लॉक चालू असताना टाकाल तर थायमिडीन त्याच्यावर मात करते आणि खूण फिकी पडते. ईडीयूला रंग जोडणाऱ्या क्लिक अभिक्रियेतले अ‍ॅस्कॉर्बेट ताजेच हवे. त्यातले तांबे जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) मारते. ईडीयूऐवजी बीआरडीयू वापरले तर डीएनए उघडायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, तेही जीएफपीला घातकच.

२१. फुच्ची पेशींत मधेच पिवळ्या का दिसतात?

फुच्ची म्हणजे पेशी चक्रात कुठे आहे ते रंगाने दाखवणारी प्रथिनांची जोडी. लाल भाग सीडीटी-१ चा तुकडा आहे, हिरवा जेमिनिनचा. २००८ च्या मूळ रचनेतला लाल तुकडा पीसीएनएच्या वाटेने मरत नाही, एससीएफ-एसकेपी-२ च्या वाटेने मरतो (दोन्ही वाटा प्रश्न ७ मध्ये). त्यामुळे एस सुरू झाल्यावरही लाल काही काळ रेंगाळतो आणि हिरव्यात मिसळून पिवळा दिसतो. एसची नेमकी सुरुवात हवी असेल तर पीसीएनएच्या वाटेला लागू पडणारी नवी फुच्ची घ्या.

२२. डीएनए फायबरवर नवा ओरिजिन कसा ओळखायचा?

या पद्धतीत नव्या डीएनएत शिरणाऱ्या दोन खुणा पेशींना एकामागून एक देतात आणि मग डीएनएचे धागे काचेवर पसरून पाहतात. आधी सीएलडीयू (लाल), मग आयडीयू (हिरवा), प्रत्येकी २० मिनिटे. हिरवा-लाल-हिरवा म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत सुटलेला ओरिजिन. नुसता हिरवा म्हणजे नंतर सुटलेला. लाल-हिरवा-लाल म्हणजे दोन फोर्क भेटले. एक मायक्रोमीटर सुमारे २.५९ हजार बेस धरतात, म्हणजे मिनिटाला २ हजार बेस धावणाऱ्या फोर्कची एका रंगाची रेघ जेमतेम १५ मायक्रोमीटर भरते. ओरिजिनमधले अंतर मोजताना काळजी घ्या : काचेवर पसरताना धागे तुटतात, लांब अंतरे मोजलीच जात नाहीत आणि सरासरी खोटी कमी येते. प्रत्येक नमुन्यात धाग्यांची लांबीही नोंदवा.

२३. मायटोकाँड्रियाच्या डीएनएलाही हेच लागू?

नाही. त्याच्या १६,५६९ बेस-जोड्यांची प्रत पॉलिमरेज गॅमा आणि ट्विंकल हे हेलिकेज काढतात. ओआरसी नाही, एमसीएम नाही, चक्राचे बंधन नाही. एक रेणू एका चक्रात दोनदाही कॉपी होईल आणि दुसरा एकदाही नाही. जी-१ मधल्या पेशीत केंद्रकाबाहेर ईडीयूचे बारीक ठिपके दिसले तर घाबरू नका, ते बहुधा हेच.

२४. या जनुकांत जन्मतः दोष असेल तर माणूस जगतो का?

पूर्ण अभाव असेल तर गर्भच टिकत नाही. अर्धवट दोषाने मायर-गॉर्लिन सिंड्रोम होतो : ठेंगणी चण, लहान कान, गुडघ्याची वाटी लहान किंवा नसलेली. २०११ मध्ये ओआरसी-१, ओआरसी-४, ओआरसी-६, सीडीटी-१ आणि सीडीसी-६ या पाच जनुकांतले दोष याच्याशी जोडले गेले. म्हणजे परवाना देणारी जवळपास आख्खी टोळी. दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात.

जेमिनिनचा प्रकार निराळा. त्यात एकाच प्रतीतला नवा बदल पुरतो, कारण एपीसीला पकडायला लागणारा सुरुवातीचा तुकडा गळून जातो. जेमिनिन विभाजनानंतरही मरत नाही, जी-१ मध्ये सीडीटी-१ ला धरून बसते आणि परवाने कमी पडतात. दोष कुलपाचा, परिणाम मात्र किल्ली हरवल्यासारखाच.